नकाशा कुणी काढला ते पुरे, कसा काढला ते विचारा

एव्हरेस्टचा विषय निघाला किंवा लडाखच्या सीमेवर काही घडलं की जुन्या नकाशांचा वाद सुरू होतो, आणि दरवेळी तो त्याच दोन ठिकाणी जाऊन अडकतो. एक गट म्हणतो, इंग्रजांनी हे नकाशे राज्य करायला आणि हेरगिरीला काढले, एव्हरेस्टच्या उंचीचं गणित करणाऱ्या राधानाथ सिकदारांचं श्रेय लाटलं, त्याचं कौतुक कसलं करता. दुसरा म्हणतो, इंग्रज नसते तर तुमच्याकडे नकाशाच नसता, तेव्हा गप्प बसा. दोन्हीकडचे फॉरवर्ड इतके वाचून झालेत की आता पहिल्या ओळीवरून पुढचं सगळं सांगता येतं. माझं म्हणणं असं की हे दोघंही नकाशा वाचतच नाहीत, नकाशा काढणाऱ्याची चामडी गोरी की काळी तेवढंच बघतात. काराकोरम आणि हिमालयातल्या बर्फाळ भागाच्या जुन्या नकाशांना विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: यातली ही रेघ मोजून आली, नुसती बघून आली, की अंदाजाने आली? तो प्रश्न आपण विचारत नाही, म्हणून सीमेच्या वादातही आपली फसगत होते आणि हिमनद्या वितळण्याच्या वादातही.

आधी हे काम व्हायचं कसं ते बघू, कारण वादात उतरणाऱ्या बऱ्याच जणांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. प्लेन टेबल म्हणजे तिपाईवर बसवलेला लाकडी बोर्ड, त्यावर ताणून बसवलेला कागद, आणि त्या कागदावर ठेवायची एक दर्शक पट्टी जिच्यातून समोरच्या शिखरावर नजर लावून रेघ मारायची. थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने, आधीच पक्की केलेली तीन शिखरं दिसली की उलट्या रेघा मारून आपण स्वतः कागदावर कुठे उभे आहोत ते सापडतं, मग तिथून एखाद्या अनोळखी सुळक्याकडे एक रेघ, दोन दिवस चालून दुसऱ्या जागेवरून दुसरी, तिसऱ्या जागेवरून तिसरी, आणि तिन्ही एकाच टिंबात मिळाल्या तर तो सुळका नकाशावर बसला. उंचीसाठी क्लिनोमीटरने कोन घ्यायचा. आता हेच हिमनदीवर करून बघा. खालून वर बघितलं तर पहिल्या वळणापलीकडचं काही दिसत नाही, वरचं हिमक्षेत्र एकसारखं पांढरं, नजर लावायला खूणच नाही, दुपारी ढग येतात, पेन्सिल धरायला बोटं वळत नाहीत. मग सर्व्हेअर काय करणार? दिसलं ते मोजणार, मधलं डोळ्यांनी बघून भरणार, आणि जे दिसलंच नाही ते एकतर कोरं सोडणार किंवा, सगळी मेख इथेच आहे, अंदाजाने जोडून टाकणार. मोजलेल्या उंचीच्या रेषा वेगळ्या आणि नजरेने काढलेल्या आकाराच्या रेषा वेगळ्या, चांगल्या शीटवर दुसऱ्या प्रकारच्या रेषा तुटक काढायचे. पण हात कुठे थांबवायचा हे शेवटी त्या माणसाच्या सचोटीवर.

आता पहिल्या गटाचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, आणि ते थोडं नाही. नकाशे राज्य करण्यासाठीच होते यात काही शंका नाही. १८५६ मध्ये माँटगोमेरी या इंग्रज सर्व्हेअरने काश्मीरमधल्या हरमुख शिखरावरून दोनशेहून जास्त किलोमीटर लांबचं शिखर टिपून त्याला के-टू हा नंबर दिला, त्याच माँटगोमेरीने पुढे कुमाऊंमधल्या नैनसिंगसारख्या लोकांना एकसारखी पावलं टाकायला शिकवून यात्रेकरूच्या वेशात तिबेटमध्ये धाडलं, जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, हे सरळसरळ हेरगिरीचं काम होतं. श्रेयाचंही तेच. सिकदारांनी सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी मोजणी खात्याच्या मॅन्युअलमधल्या गणिती भागांसाठी मोठं काम केलं, १८५१ च्या पहिल्या आवृत्तीत त्याची नोंद होती, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८७५ मध्ये निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीतून ती गाळली गेली. त्यावर त्या काळच्या इंग्रजी पेपरातही टीका झाली होती, म्हणजे हा आपण आज काढलेला कांगावा नाही. आणि माहिती दाबून ठेवायची सवय तर इतकी पक्की की स्वतंत्र भारतानेही ती जशीच्या तशी पुढे चालवली.

पण यावरून नकाशा खोटा ठरतो का? हेतू ठरवतो तो सर्व्हेअरला कुठे पाठवायचं ते. थिओडोलाइटमध्ये कोन किती दिसेल ते हेतू ठरवत नाही. फ्रान्सचा चौदावा लुई बघा, त्याने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या राज्याची मोजणी करून घेतली आणि नव्या नकाशात फ्रान्सचा पश्चिम किनारा जुन्या नकाशापेक्षा बराच आत सरकला, शत्रूंपेक्षा जास्त जमीन माझ्या खगोलशास्त्रज्ञांनीच घालवली असं तो म्हणाला असं सांगतात. काराकोरममध्येही तेच. १९०९ मध्ये लाँगस्टाफ या इंग्रज गिर्यारोहकाने बिलाफोंड ला ही खिंड ओलांडून सियाचेनवर पाय ठेवला आणि समोरच्या तेराम कांग्री शिखराची उंची २७,६१० फूट काढली, म्हणजे जगातल्या पहिल्या पाच-सहात बसणारं शिखर. गोऱ्या माणसाच्या, साम्राज्याच्या कीर्तीसाठी हा आकडा केवढा सोयीचा होता! दोनच वर्षांत सर्व्हे ऑफ इंडियाने नीट मोजलं आणि ते २४,४८९ फुटांवर आणलं, तीन हजार फूट खाली. कॉनवे या इंग्रज गिर्यारोहकाने १८९२ मध्ये हिस्पार आणि बियाफो या हिमनद्यांच्या माथ्यावरच्या स्नो लेक या हिमक्षेत्राचा अंदाज तीनशे चौरस मैल केला होता, १९३७ आणि १९३९ च्या मोहिमांनंतर तो साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. त्याच भागात वर्कमन दांपत्याने एक हिमनदी चारही बाजूंनी बंद आहे, तिला बाहेर पडायला वाटच नाही असं छातीठोकपणे लिहिलं होतं, १९३७ मध्ये वाट सापडली. अमेरिकन वर्कमन दांपत्य सोडलं तर हे साम्राज्याच्याच बाजूचे लोक आणि त्यांना खोटं पाडणारेही त्याच बाजूचे. फरक होता तो कोण कुठे उभं राहून काय मोजत होता याचा.

इथे कुणी जॉन्सनचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं, कारण माझ्या म्हणण्यावरचा हा सगळ्यात अवघड आक्षेप आहे. १८६५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन हा सर्व्हेअर लेहहून कुनलुन पर्वतरांग ओलांडून आजच्या चीनमधल्या खोतानला गेला, वरिष्ठांना न विचारता, परत आल्यावर बोलणी खाल्ली, नोकरी सोडली आणि पुढे काश्मीरच्या महाराजांच्या चाकरीत लडाखचा वझीर झाला. त्याच्या नकाशात अक्साई चीन काश्मीरमध्ये होता. तीच रेघ पुढे फिरत फिरत आपल्या सीमेच्या दाव्यापर्यंत आली. मग इथे हेतूने रेघ काढली की नाही? काढली असेलही. पण तो नकाशा घाईचा होता आणि त्यात मोठ्या चुका आहेत हे कळलं कशावरून? नंतरच्या लोकांनी त्याच मुलखात जाऊन पुन्हा मोजलं त्यावरून, जॉन्सनच्या मनात काय होतं हे शोधून नव्हे. मला तर वाटतं अक्साई चीनवर आपल्याकडे इतकं लिहिलं-बोललं गेलं त्यात जॉन्सनच्या शीटवर मोजलेली ठिकाणं किती आणि त्यांच्या मधला भाग किती, एवढं साधं चित्र कुणी सर्वसामान्य वाचकासमोर ठेवलं असतं तर निम्मा आरडाओरडा झाला नसता. सीमेवरचा आपला दावा योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, त्यासाठी इतिहासात, करारांत, वहिवाटीत बाकी बरंच काही आहे, पण एका घाईच्या शीटला ब्रह्मवाक्य करायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या गटाला उत्तर द्यायला इतकी मेहनत लागत नाही. इंग्रज नसते तर नकाशा नसता? १७१७ मध्ये चीनच्या चिंग घराण्यातल्या सम्राटाने जेझुइट ख्रिस्ती धर्मगुरूंकडून मोजणी शिकलेले लामा तिबेटमध्ये पाठवले होते, आणि त्यावरून झालेल्या नकाशात एव्हरेस्टच्या जागी चोमोलुंग्माचं नाव आलंय, सर्व्हे ऑफ इंडियाने त्याला पीक फिफ्टीन नंबर देण्याच्या सव्वाशे वर्षं आधी. पुढे काराकोरममध्ये इटालियन आले, डच व्हिसर दांपत्य आलं, नांगा पर्बतचा १९३४ चा नकाशा जर्मनांचा. मोजायचं तंत्र कुणा एका देशाच्या बापाचं नव्हतं. आणि इंग्रजांच्या नकाशांवर प्रत्यक्ष हात कुणाचे होते? १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेत मॉर्सहेडबरोबर लालबीरसिंग थापा, गुज्जरसिंग आणि तुरुबाझ खान हे सर्व्हेअर होते. १९१२ ला सियाचेनवर वर्कमन मोहिमेचा सर्व्हेअर पीटरकिन याच्याबरोबर सर्व्हे ऑफ इंडियाचा सुरजनसिंग होता. अफराझगुल खान आधी खैबर रायफल्समध्ये शिपाई, मग पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनबरोबर मध्य आशियाच्या वाळवंटात, मग १९२६ मध्ये सर्व्हेअर केनेथ मेसनबरोबर काराकोरमपलीकडच्या शक्सगाम खोऱ्यात, व्हिसर मोहिमांतही तोच. फझल इलाही आणि इनायत खान यांनी १९३९ मध्ये हिस्पार-बियाफो-पानमाहचा प्रचंड पसारा मोजला. आता एक गंमत सांगतो, गंमत कसली, चीड येते. ‘आपल्या लोकांचं श्रेय लाटलं’ असं ओरडणाऱ्या फॉरवर्डमध्ये सिकदार असतात, नैनसिंग असतो, अफराझगुल कधीच नसतो, फझल इलाही नसतो. का नसतात ते नावांवरूनच कळतं. श्रेय लाटणाऱ्यांवर चिडायचं आणि स्वतःही निवडून निवडून श्रेय द्यायचं, याला काय म्हणायचं? नुसतं कुणी-कुणी करत बसलं की प्रत्येकजण आपल्याला हवा तो ‘कुणी’ उचलतो.

कसं काढलं हे विचारलं की काय हाती लागतं त्याचं माझं आवडतं उदाहरण त्याच १९२१ च्या मोहिमेतलं आहे. गिर्यारोहक मॅलरी एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीकडे जायची वाट शोधत होता. रोंगबुकच्या मुख्य हिमनदीच्या बाजूला एक अरुंद घळ होती, त्यातून छोटासा ओढा यायचा, आणि एवढ्याशा ओढ्यामागे मोठी हिमनदी असेल हे त्याच्या मनातच आलं नाही, तो पुढे निघून गेला आणि सगळा डोंगर वळसा घालून पूर्वेकडून खार्ताच्या बाजूने शोधत बसला. वर त्याने कॅमेऱ्यात प्लेट उलट्या घातल्या होत्या त्यामुळे कित्येक दिवसांचे फोटो वाया गेले. तिकडे कॅनडाहून आलेला सर्व्हेअर व्हीलर एका ठिकाणी मुक्काम ठोकून बसायचा, ढग हटायची वाट बघायचा, मोजलेल्या जागेवरून फोटो घ्यायचा, परत दुसऱ्या टेकाडावर चढायचा. त्या फोटो-सर्व्हेत पूर्व रोंगबुक हिमनदी सापडली, आणि नंतरच्या सगळ्या उत्तरेकडच्या मोहिमा त्याच घळीतून गेल्या. दोघंही इंग्रजी राज्याचे, एकाच मोहिमेत, एकाच महिन्यांत. नाव मात्र मॅलरीचं झालं, व्हीलर पुढे सर्व्हेअर जनरल झाला तरी त्याला कोण ओळखतं.

सियाचेनचा वाद तर सरळ सरळ कोऱ्या कागदावरचा वाद आहे. १९४९ च्या भारत-पाकिस्तान कराची करारात युद्धबंदी रेषा एका टोकापर्यंत मोजून आणली आणि पुढे ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे’ एवढंच लिहून सोडून दिलं. ते टोक म्हणजे एनजे ९८४२. तिथे वर कुणी राहात नाही, कुणी जात नाही, मग कशाला मोजायचं, असा हिशोब. १९७२ मध्येही रेषा तिथेच थांबली. एखादी गोष्ट मोजलेली नाही तर ती कोरी ठेवावी हे खरं तर शहाणपणाचं. पण साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकन नकाशांवर त्या टोकापासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत एक रेघ आली, कुठल्याही कराराशिवाय, कुठल्याही सर्व्हेशिवाय, आणि एकदा छापली म्हटल्यावर ती बाकीच्या रेघांसारखीच दिसायला लागली. भारतीय लष्कराच्या कर्नल नरेंद्र कुमार यांनी असा नकाशा पाहिला, १९७८ मध्ये सियाचेनवर मोहीम नेली, आणि १३ एप्रिल १९८४ ला सियाचेनवर ताबा घेण्यासाठी भारताचं ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. त्या रेघेमागे डाव होता की नुसता नकाशावाल्यांचा आळस यावर लोक अजून भांडतात. समजा आळस असला तरी जे बिघडायचं ते बिघडलंच ना?

आता हिमनद्या वितळण्याकडे येऊ. इथेही तीच चूक पण दोन्हीकडून. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं वाक्य शिरलं, २०१० च्या जानेवारीत ते मागे घ्यावं लागलं, आणि लगेच दुसऱ्या बाजूने ‘बघा, सगळं थोतांड’ अशी ओरड. बहुतेक हिमनद्या मागे सरकतायत, बारीक होतायत, हे खरंच आहे, पण किती आणि कधीपासून हे सांगायला जुनी नोंद लागते, आणि तिथे लोक सर्व्हे ऑफ इंडियाचं साठच्या दशकातलं टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा छापील नकाशा) उचलतात, आजचा उपग्रहाचा फोटो शेजारी ठेवतात आणि वजाबाकी करतात. त्यातली बरीच शीट हवाई फोटोंवरून केलेली होती, आणि फोटोत ताजा हंगामी बर्फ असला तर तोही हिमनदीत धरला जातो, उलट तोंडाशी दगडमाती साचलेली असली तर खालचा बर्फ साधा डोंगर वाटून सुटतो. त्याच काळातल्या कोरोना उपग्रहांचे फोटो मिळाल्यावर संशोधकांनी गढवालमध्ये ताडून पाहिलं तर कित्येक ठिकाणी शीटवरची हिमनदी प्रत्यक्षापेक्षा मोठी निघाली. म्हणजे वजाबाकीत जे वितळलं म्हणून आलं त्यातलं काही मुळात तिथे नव्हतंच. आणि हो, हे कोरोना म्हणजे अमेरिकेने सोविएत आणि चीनवर पाळत ठेवायला सोडलेले उपग्रह, फोटो १९९५ मध्ये खुले झाले. निव्वळ हेरगिरी! मग हेतू वाईट म्हणून ते फेकून द्यायचे का? आज हिमनद्यांचा अभ्यास करणारा एकही माणूस असं म्हणणार नाही.

यावर एक शहाणा आक्षेप असा येतो की मग जुन्या नकाशांचा नादच सोडा, आता उपग्रह आहेत. अडचण एवढीच की उपग्रहाची गोष्ट साठच्या दशकात सुरू होते आणि मोठी हिमनदी हवामानाला उत्तर द्यायला कित्येक दशकं घेते, काराकोरममध्ये तर काही हिमनद्या मधूनच उसळून पुढे येतात, त्यामुळे दहा-वीस वर्षांच्या चित्रावरून काही बोलणं धोक्याचं. तिथे जर्मन सर्व्हेअर फिन्स्टरवाल्डरचा नांगा पर्बतचा १९३४ चा नकाशा कामाला येतो, तो जमिनीवरून घेतलेल्या जोडफोटोंवरून मोजून केलाय, आणि आजच्या चित्राशी ताडला तर तिथल्या रायकोट हिमनदीचं तोंड फार हललेलं नाही असं दिसतं. गंगोत्रीवर जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ऑडेनने १९३५ मध्ये गोमुखाची मोजणी करून ठेवली, तिच्याशी तुलना केली तर माघार स्वच्छ दिसते. दोन हिमनद्या, दोन उत्तरं, आणि दोन्हींवर विश्वास ठेवता येतो कारण मोजणी कशी झाली ते माहीत आहे. हे फक्त अभ्यासकांचं कुतूहल पण नाही. ऑगस्ट १९२९ मध्ये चोंग कुमदान हिमनदीने श्योक नदीवर घातलेला बर्फाचा बांध फुटला आणि सिंधूला पूर आला. मेसनची वाट १९२६ मध्ये ज्या क्यागार हिमनदीने अडवली ती आजही शक्सगाममध्ये पाणी अडवते आणि सोडते. असा बांध पूर्वी कुठे होता, कुठवर पाणी चढलं होतं, हे त्या जुन्या शीटवर आणि फील्डबुकात असतं. २०२३ मध्ये सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेवरचं धरण वाहून गेलं, त्यानंतर तरी जुन्या नोंदींची किंमत कळायला हवी होती.

आपल्याकडे २०२१ मध्ये नकाशांचे नियम बरेच सैल झाले, टोपोशीट घरबसल्या डाउनलोड होतात, सह्याद्रीत भटकणाऱ्यांना आठवत असेल पूर्वी एकेका शीटसाठी किती खेटे घालावे लागायचे. चांगलं झालं. पण हिमालयातल्या ज्या शीटवर सगळा वाद आहे ती सीमेच्या जवळ म्हणून अजून बंद, आणि खुल्या झालेल्या छापील शीटमागची मूळ प्लेन टेबल शीट, फील्डबुकं, मोजणीच्या वह्या यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. लष्कराची अडचण मला समजते. आजच्या चौक्या, आजचे रस्ते दाखवू नका, पण १९२६ ला शक्सगाममध्ये प्लेन टेबल कुठे ठेवलं होतं हे लपवून आज कोणती सीमा वाचणार आहे? चीनकडे उपग्रह नाहीत का? आणि ज्यांना अफराझगुल, सुरजनसिंग, सिकदार यांचं श्रेय खरंच हवंय त्यांनी शिखरांची नावं बदला म्हणून सह्यांची मोहीम काढण्यापेक्षा ही फील्डबुकं मागावीत, कुणी कुठला कोन घेतला त्याचा पुरावा असलाच तर त्यांच्यात असणार. (लॅम्बटन, ज्याने ही सगळी मोजणी सुरू केली, तो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तिथेच पुरलाय. वर्ध्याहून तासाभराचा रस्ता, आपल्यातले किती जण गेलेत?)

स्कॅनिंगच्या कामाबद्दलही एक सांगायचंय. जुन्या शीटच्या खालच्या कडेला एक छोटा चौकोन असायचा, शीटचा कुठला तुकडा कोणत्या वर्षीच्या सर्व्हेतला, कुठला नुसता जुन्या साहित्यावरून जोडलेला, ते त्यात दाखवलेलं. नकाशा स्कॅन करून कम्प्युटरवर एकमेकांना जोडताना पहिल्यांदा ही कडच कापून टाकतात, कारण शेजारच्या शीटला जोडताना ती मधे येते. मग स्क्रीनवर सलग, गुळगुळीत हिमालय दिसतो, मोजलेली रेघ आणि अंदाजाची रेघ एकाच रंगात. जो कुणी या शीट खुल्या करेल त्याने कडेसकट कराव्यात, आणि जोडलेल्या नकाशावर कुठल्याही हिमनदीवर क्लिक केलं की त्या चौकोनातली माहिती समोर यावी एवढी सोय करावी. हे करायला ना नवी मोहीम लागते, ना कुणाची माफी.